मीच लावला, मीच आणला

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हॅलेट्स नेक गावात एखाद्याला नावं ठेवायची असली तर तो दारू पितो, बायकोशी भांडतो, असलं कुणी सांगत बसत नाही. "त्याच्या माशाचं काही खरं नाही," एवढं म्हटलं की पुरतं. मग त्या माणसाने चर्चला नवं छप्पर घालून दिलं तरी उपयोग नाही. माझे सासरे बेलार्मिनो फुर्ताडो यांच्या माशाबद्दल असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले तरी नव्हती. गेल्या ऑक्टोबरात ते आम्हालाच, म्हणजे घरच्यांनाच, म्हणायची वेळ आली.

सासरे लहानपणी पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरून आईचं बोट धरून इकडे आले. सगळी उमर न्यू बेडफर्डहून सुटणाऱ्या शिंपले पकडणाऱ्या मोठ्या बोटींवर गेली. एवढे दिवस खोल पाण्यात काढल्यावर माणूस घरी येऊन पाय पसरून झोपेल की नाही? हे नाहीत झोपायचे. अंघोळ करायची, दोन घास खायचे आणि आपली छोटी होडी काढून पट्टेरी बास माशांच्या मागे जायचं. सासूबाई म्हणायच्या, "आमचे हे समुद्रातून सुटी घेतात ती समुद्रात जायला." त्या बिचाऱ्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. समुद्राने नाही नेल्या, साध्या तापाने नेल्या.

आमच्या फिशिंग क्लबाची दर शरदात बासची स्पर्धा असते. पूर्वी मासा तराजूवर टाकायचे. आता मोठा मासा ठेवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून पट्टीवर मोजायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. "मासा गेला समुद्रात आणि कप मिळाला फोटोला," असं सासरे चिडून म्हणायचे. पण एक गोष्ट जुनीच राहिली आहे. ज्याने मासा गळाला लावला त्यानेच तो बोटीपर्यंत आणायचा. मध्ये दुसऱ्या कुणाचा गळाच्या काठीला हात लागला की मासा बाद. आणि बक्षिसाच्या दिवशी जिंकणाऱ्याने कपावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणायचं, "मीच लावला, मीच आणला." दुसरा पुरावा कुणी मागत नाही.

बरीच वर्षं क्लबाचे पंच सासरेच होते, आणि पंच म्हणून अगदी खडूस. एकदा सासूबाईंच्या भावाची काठी हातातून निसटत होती, ती त्याच्या बायकोने झडप घालून धरली. सासऱ्यांनी मासा बाद केला. म्हणाले, "अर्धा मासा तुझ्या बायकोचा. अर्ध्या माशाला कप नाही." सासूबाईंनी भावाच्या बाजूने अबोला धरला आणि कितीतरी दिवस यांच्यापुढे नुसता पाव आदळला. सासऱ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, पण निकाल काही फिरवला नाही.

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचे हात थरथरायला लागले. एका धुक्याच्या सकाळी त्यांनी होडी खडकावर घातली. तटरक्षकांच्या बोटीने ओढून आणलं तेव्हा सगळा धक्का बघायला जमलेला. माझा नवरा गिल थंडीत घरं गरम ठेवायचं तेल घरोघर पोचवतो, त्याचा स्वतःचा टँकर आहे, त्यामुळे संकट आलं की व्हॉल्व्ह बंद करायचा एवढंच त्याला कळतं. त्याने होडी विकली. बापाला विचारून नाही विकली, सांगून विकली. सासरे "बरं" म्हणाले आणि आमच्याकडे राहायला आले. त्यानंतर ते धक्क्याकडे फिरकले नाहीत. स्वयंपाकघरात बसायचे, तेसुद्धा खाडीकडे पाठ करून. गिल समोर आला की त्याच्याशी हवेबद्दल बोलायचे. बाप हवेबद्दल बोलायला लागला की मुलाने समजावं काय ते. दोन वर्षं त्याच्या मनाला ते लागून होतं.

म्हणून त्या वसंतात त्याने एक जुनी बोट घेतली, आणि दोन काठ्या, अगदी सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. सासरे उन्हाळाभर बोटीवर आले नाहीत. स्पर्धेचा शेवटचा आठवडा आला तेव्हा कॉफी पिता पिता आपण होऊन म्हणाले, "ओडेट, तू सुकाणू धरणार असशील तर येतो. याच्या हाती मी जीव देणार नाही."

"टँकर इतकी वर्षं चालवतोय मी, पापा," गिल म्हणाला.

"रस्ता हलत नाही बाबा," सासरे म्हणाले.

पहाटे निघालो. सासरे लोकरी टोपी कानापर्यंत ओढून बसले. आमिषाला जिवंत वाम घेतली होती. वाम म्हणजे बुळबुळीत बला. ती गोणपाटात धरायची आणि ओठातून गळ घालायचा. गिल म्हणाला, "द्या इकडे, पापा, मी लावतो."

"का? तुझे काय हात सोन्याचे आहेत?"

मग त्यांची आणि त्या वामीची जी काही झटापट झाली ती मी पाहिली नाही. म्हणजे मी आणि गिल दोघेही आकाशातले पक्षी बघत बसलो. वाम त्यांच्या बाहीत शिरली, बाहेर आली, परत शिरली. शेवटी एकदाचा गळ लागला. ते धापा टाकत होते, पण तोंडाने म्हणाले, "गार आहे हवा." मला रडूही येईना आणि हसूही येईना.

म्हातारीचे दात म्हणून खडकांची एक रांग आहे, ओहोटीला पाणी तिथे उकळल्यासारखं होतं. तिथे वेन्डेल पेकम आधीच येऊन बसला होता. सासऱ्यांनंतर पंच झाला तो हाच. वयाने त्यांच्यापेक्षा थोडाच लहान, आणि जन्माचा वैरी म्हणा, मित्र म्हणा, काहीही म्हणा.

"अरे, तू जिवंत आहेस होय!" तो ओरडला. "मी तुझ्या फुलांचे पैसे बाजूला काढून ठेवलेत."

"त्या पैशांत आपली दाढी करून घे," सासरे ओरडले. "मासे घाबरतात."

बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा निघाला. गिलने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण मासा काही लागेना. सासऱ्यांच्या हातांना काठी पेलेना, म्हणून ती कडेच्या खोबणीत उभी करून ते बाजूला बसले. ऊन वर आलं. त्यांची मान हळूहळू खाली गेली, टोपी डोळ्यांवर आली. गिल मागच्या बाजूला काठी हातात धरून उभा होता. मी सुकाणूवर.

आणि गिलची दोरी सळसळत सुटली. त्याने तिला थोडं जाऊ दिलं, मग ताण दिला, आणि काठी अशी वाकली की मला वाटलं, आता मोडते. लागला! मोठा लागला! तो ओरडणार म्हणून मी बघते, तर हा बापाकडे बघतोय. मग दोन ढांगांत तो तिकडे गेला, बापाची काठी खोबणीतून काढली, आपली वाकलेली काठी त्या खोबणीत घातली, बापाची काठी आपल्या जागी नेऊन ठेवली, आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"पापा! पापा! तुमची काठी बघा!"

सासऱ्यांनी टोपी वर केली. काठीकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, झोपेतून दचकून उठलेत, उमजत नसेल. मग त्यांनी दोन्ही हातांनी काठी उचलली.

पुढचं काय सांगू! तो थरथरणारा, बाहीत वाम शिरू देणारा म्हातारा कुठे गेला कोण जाणे. पाय फाकवून उभे राहिले. मासा खाली गेला की जाऊ देत, थांबला की रीळ फिरवत. मला तर घोड्यासारखं हाकलत होते. "डावीकडे घे! डावीकडे, ओडेट, तुझं डावं कुठंय? खडकाकडे जाऊ देऊ नकोस त्याला, तिथे गेला की दोरी कापलीच!" गिल हात मागे बांधून उभा होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

मासा बोटीला लागला. अंगावरचे पट्टे असे काळेभोर. गिलने तो पट्टीवर मोजला, फोटो काढला. सासऱ्यांनी वाकून त्याचा खालचा जबडा धरला आणि तो पाण्यात आपणहून शेपटी मारेपर्यंत धरून ठेवला. सोडताना त्याला पोर्तुगीजमधून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. एवढा मासा कुणी सोडला की शेजारच्या बोटीवरून हात हलवायची रीत आहे. वेन्डेल आपल्या बोटीत उभा होता. तो उभाच राहिला, मग खाली बसला. त्याने हात हलवला नाही.

परत येताना सासरे टोपी डोळ्यांवर ओढून बसले. धक्क्यावर त्यांना टेकायला बाक मिळाला तशी मी गिलला टँकरच्या मागे ओढलं.

"चोर कुठला!"

"चोर काय चोर? बापालाच दिला ना, दुसऱ्या कुणाला दिला?" तो कुजबुजला. "ओडेट, दोन वर्षांनी हसले ते."

"हसले नाहीत. दम लागून तोंड उघडं पडलं होतं. त्यांना सांग."

"सांगून काय मिळवू? कपाचा मासा आहे तो! यापेक्षा मोठा आता येत नाही. झोपले होते ते, त्यांना कुठून कळणार?"

फोटो त्याने तिथूनच क्लबाकडे पाठवून दिला.

रविवारच्या बक्षीस समारंभापर्यंतचे ते दिवस घरात कसे गेले ते मला विचारा. गिल तेल पोचवायला जाईल त्या प्रत्येक दारात माशाची गोष्ट सांगून यायचा. शेजारणी गोड पाव घेऊन अभिनंदनाला यायच्या. सासरे म्हणायचे, "ठेवा तिकडे." कुणी विचारलं, कसा लागला हो, तर म्हणायचे, "गिलला विचारा." जेवण अर्धं टाकायचे. शनिवारी म्हणाले पोट बिघडलंय, समारंभाला येणार नाही. गिल म्हणाला, असं कसं, सगळं गाव येणार. तो टँकर घेऊन गेल्यावर सासरे माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"ओडेट, तो मासा लागला तेव्हा तुझी पाठ होती का आमच्याकडे?"

मी शेगडीवर कांदा परतत होते. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण या माणसाने सख्ख्या मेहुण्याचा मासा बाद केलेला, त्याच्याशी खोटं कसं बोलणार? "नाही, पापा," मी म्हणाले. "पाठ नव्हती."

त्यांनी मान हलवली. "माझा पांढरा सदरा इस्त्री कर," म्हणाले. मी गिलला रात्री सांगायला गेले तर तो म्हणाला, "सदरा मागितला ना? मग झालं तर." काही माणसांना कळत नाही म्हणजे कळतच नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे क्लबात जमले. अंडी, लिंग्विसा नावाच्या तिखट पोर्तुगीज सॉसेजचा वास, कॉफीची मोठाली भांडी. भिंतीवर सासऱ्यांचा आणि माशाचा भलामोठा फोटो. क्लबाची अध्यक्ष मार्सिया माझ्याच वयाची, चांगली बाई आहे. तिने चौऱ्याऐंशी वर्षं, समुद्र, जुनी पिढी वगैरे भाषण केलं आणि सासऱ्यांना बोलावलं. टाळ्या थांबेनात. गिल तर उभा राहून वाजवत होता.

सासऱ्यांनी कपावर हात ठेवला. कप टेबलावर किणकिणायला लागला. ते ऐकून टाळ्या थांबल्या.

"मीच..." ते म्हणाले आणि थांबले. "मी नाही लावला. गिलने लावला. माझ्या हाती दिला."

गिल उभा होता तो तसाच राहिला. त्याचे हात टाळी वाजवायच्या बेतात अर्धवट राहिले. मी त्याचा कोट ओढून त्याला खाली बसवला.

मार्सियाने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढंच ना, काका? अहो, मुलाने जरा मदत केली तर काय झालं? आणला तर तुम्हीच ना!" मागून कुणी ओरडलं, "द्या हो आजोबांना कप!" लोक हसले, मायेने हसले, आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. आधीपेक्षा जास्त. एक बाई म्हणाली, "किती गोड आहेत!"

सासऱ्यांचे कान लालभडक झाले. होडी खडकावरून ओढून आणली त्या दिवशीही मी त्यांना पाहिलं होतं, सगळा धक्का बघत होता तरी त्या दिवशी त्यांची मान वर होती. आज त्यांनी नजर जमिनीला लावली. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा असा राग आला! दोन चापट्या मारल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं त्यांना. सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलं होतं की या माणसाकडून आता खरंखोटं मागायचं कारण उरलेलं नाही. पोरांना शर्यतीत सगळ्यांनाच बक्षीस देतात, तसं.

"थांबा," ते म्हणाले. कुणी ऐकेना. "थांबा!" हा मात्र बोटीवरचा आवाज होता. "मी झोपलो नव्हतो. टोपीखालून बघत होतो. त्याने काठ्या बदलल्या ते मी पाहिलं. पाहिलं आणि तरी घेतली. आणि इतके दिवस गप्प बसलो. पोराने मला फसवलं नाही, मीच त्याला फसू दिलं. मला मदत-बिदत काही म्हणू नका. पंचाचा निकाल द्या."

मार्सियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, किती प्रामाणिक तुम्ही..."

"मला प्रामाणिक म्हणू नकोस, पोरी," ते जवळजवळ विनवणी करत म्हणाले. "मला निकाल दे."

कोपऱ्यातल्या टेबलावरून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. वेन्डेल पेकम उठला. तोंडातला घास त्याने सावकाश गिळला.

"मासा बाद," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी स्पर्धेला बंदी."

मग जो गलका झाला! "वेन्डेल, लाज धर! चौऱ्याऐंशीचा आहे तो!"

"चौऱ्याऐंशीचा आहे म्हणजे नियम पाठ असणार," वेन्डेल म्हणाला. "त्यानेच मला शिकवलेत."

सासऱ्यांनी मान वर केली. "तू बघितलं होतंस. मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, बघू या ते वाक्य बोलतो का."

"आणि बोललो असतो तर?"

"तर मरेपर्यंत तुझ्याशी बोललो नसतो. आता फार दिवस नाहीत म्हणा."

"मान्य," सासरे म्हणाले. त्यांनी कपावरचा हात काढला.

गिल धडपडत उठला. "चूक माझी आहे. मी केलं ते. बंदी घालायची तर मला..."

"खाली बस," सासरे म्हणाले. "तू सभासद नाहीस. शिक्षा मला झाली आहे, ती माझी आहे."

तो खाली बसला. कप दुसऱ्या टेबलावर गेला, तिथे कुणीतरी ते वाक्य म्हटलं, टाळ्या झाल्या. गिलने समोरच्या अंड्यांवरून नजर उचलली नाही. ज्या ज्या दारात त्याने ती गोष्ट सांगितली होती ती सगळी दारं तिथे आपापल्या प्लेटा घेऊन बसली होती.

परत येताना मी गाडीत दोघांच्या मध्ये बसले होते. चौकात दिवा लाल होता. गिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"पापा, मला इतकी लाज वाटतेय..."

"वाटू दे," सासरे म्हणाले. "वाटायलाच पाहिजे. म्हातारा झोपलाय, काही द्या याच्या हातात, असं वाटलं तुला. होडी विकलीस तेव्हाही असंच वाटलं होतं."

सासरे त्यांच्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होते.

"माझी लाज वेगळी आहे," ते म्हणाले. आवाज एवढा खाली गेला होता की गिलने मान उचलून कान दिला. "मासा तुझा होता हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी तो ओढताना मला काय आनंद झाला, पोरा! तुझी आई घरी आहे आणि मी उशीर करतोय, असं वाटलं. माझ्याच बोटीवर होतो मी. तो चोरीचा आहे हे माहीत असून एक क्षणही कमी आनंद झाला नाही. एवढ्या लोकांसमोर सगळं बोललो, पण हे तोंडातून निघालं नाही."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

"चल," सासरे म्हणाले. "हिरवा झालाय."